पांढऱ्या पेटीचे बारा दोरे

मे महिन्यात आमच्या आदिलाबादकडं येणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर वेडा. मी दुसऱ्या वर्गातली. यंदा सोबत आणखी सात वेडे आणलेत, सगळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे. उन्हाळी सुट्टीत हवामानाच्या नोंदी शिकायला मी दरवर्षी पोरं कुठं ना कुठं नेते. यंदा म्हटलं, चला माझ्याच गावाला. मुधोळच्या अलीकडं, काळ्या रानातलं गाव. शाळेला आता गुलाबी रंग दिलाय आणि कोपऱ्यात खांबावर आपोआप नोंद करणारं यंत्र बसलंय. मैदानाच्या मधोमध मात्र ते चार सिमेंटचे खुंट अजून तसेच आहेत. पोरं त्यांतल्या दोघांचे स्टंप करून क्रिकेट खेळतात.

आज सकाळी सात वह्या तपासायला घेतल्या. मनीषा नावाची एक पोरगी आहे, अक्षर मोत्यासारखं. काल संध्याकाळी साडेपाचच्या रकान्यात तिनं एक्केचाळीस लिहिलं होतं. सुबक आकडा, कुठं खाडाखोड नाही. काल साडेपाचला ही बया बासरच्या देवळात रांगेत उभी होती, हे मला पक्कं ठाऊक, कारण तिनं मला तिथला प्रसाद आणून दिला. तो आकडा मी बघताक्षणी ओळखला. असलाच एक मीही लिहिला होता.

वही मिटली आणि जाऊन खुंटावर बसले. खुंट तापलेला होता, पण आमच्या गावच्या माणसाला त्याचं काय!

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. या खुंटांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी राहिली. चारी बाजूंना फळ्यांच्या तिरप्या झडपा, वर उतरतं छप्पर, उत्तरेला दार. भैंशाच्या बसच्या टपावर कडब्याच्या पेंढ्यांमध्ये झोपवून ती आली होती. तिच्या ताज्या रंगाचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या उन्हाळ्यात सगळं गाव पऱ्हाट्यांच्या धुराचा, मोहाच्या फुलांचा, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींचा वास मारायचं, आणि त्यात हा एक परका, शहरी वास मिसळला. माणसं लांबून बघायची. कुणी म्हणे कबुतरखाना. कुणी म्हणे मधमाशा पाळणार. म्हातारे पटेल तर म्हणाले, "हे गिरदावराचं काम दिसते. नवी मोजनी येऊन राह्यली."

मोजणीच होती, पण जमिनीची नव्हे, हवेची. जिल्ह्यातल्या कॉलेजांमधून आम्ही सहा जण निवडले गेलो होतो. पाच पोरं आणि मी एकटी पोरगी. आदिलाबादला दहा दिवस शिकवणी झाली. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास, ओल्या वाळ्याच्या ताट्या, आणि हैदराबादहून आलेले मूर्ती सर. सर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे, हैदराबादी हिंदीत. प्रत्येकाला एक पेटी, एक वही. मंचेरियलपासून मुधोळपर्यंत सहा ठिकाणी, बेचाळीस दिवस, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. ज्याची नोंद चोख, तो शेवटी हैदराबादला जाऊन विद्यापीठाच्या सभागृहात आपलं काम वाचून दाखवणार. ज्याच्या वहीत दोनपेक्षा जास्त रकाने रिकामे, तो घरी बसणार.

सरांचा एकच नियम होता. "नै देखे तो खाली छोड़ना अम्मा. खाली खाना झूठ नै बोलता. झूठा नंबर नक्को."

मला हैदराबादला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, तिथं उभं राहून बोलायचं होतं. माझे आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले, बाबा याच शाळेत मास्तर झाले, आता पुढची पायरी माझी, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मी तेव्हा भलतीच ऐटबाज होते. आजही आहे, लपवत नाही.

शाळेला सुट्टी, त्यामुळे मैदान माझं. सकाळी भैंशाची बस वेशीवर येऊन भोंगा वाजवी, तेव्हा मी पेटीचं दार उघडी. आत दोन नळ्या उभ्या. एकीचा पाऱ्याचा गोळा उघडा, दुसरीच्या तळाच्या गोळ्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं, फडक्याचं टोक पाण्याच्या कुपीत. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा आणि श्वास रोखायचा, कारण श्वासाच्या उबेनंही पारा चढतो. लांब निंबात तांबट पक्षी टुक टुक करत असायचा. बाकी सगळं गाव गप्प.

दोन-चार दिवसांतच माझ्यामागं आणखी एक सावली येऊन उभी राहू लागली. आत्याबाई. बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहायची. गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिच्या हातानं कापलेली. तिला अक्षरओळख नव्हती, घड्याळही कळत नव्हतं. पण गावात कोण बाई कितव्या महिन्यात आहे, हे तिला विचारा! तिच्या खोलीत भिंतीच्या खुंट्यांवर दोरे लटकलेले असायचे. एका बाईचा एक दोरा, दर पुनवेला एक गाठ. हळदीत उकळून वाळवलेले, कडक, पिवळे दोरे. खोलीत शिरलं की हळदीचा आणि ओव्याचा वास यायचा. तिचं कॅलेंडर ते, आणि ते कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

"काऊन वं पोरी, रोज रोज त्या काचेत काय पाह्यतं?"

"हवेला ताप किती आहे ते बघते, आत्याबाई."

"आन् हे दुसरी? हिले फडकं काऊन बांधलं?"

मी तोंड उघडणार, पुस्तकातली व्याख्या सुरू करणार, तोवर तिचं तिनंच ओळखलं. "समजलं मले. तापाच्या मानसाच्या कपायावरल्या पट्टीवानी हाय हे. हवा कोरडी असंन तं पट्टी लवकर सुकते, ताप जास्त उतरते. बरोबर का नाही?"

बरोबर होतं. दहा दिवसांच्या शिकवणीत आम्हा सहा जणांना जे नीट कळलं नव्हतं, ते तिनं मैदानात उभ्या उभ्या सांगितलं. मला जरा रागच आला. खरं सांगायचं तर बराच आला.

मग वैशाख पौर्णिमा आली. किनवटकडं मामाच्या गावाला बुद्धपौर्णिमेच्या मुहूर्तावर मामेबहिणीचं लग्न होतं. घरचे सगळे निघाले. मी आधी नाही म्हटलं. आईनं डोळे वटारले, बहीण रुसली, नवी पांढरी साडी आणलेली होती, आणि मी गेले. तीन दिवस. आत्याबाई मागं राहिली, कारण पलीकडच्या गल्लीतली कमल दिवसांत होती आणि तिच्या दोऱ्याला नऊ गाठी पडल्या होत्या.

जाताना मी आत्याबाईला म्हटलं, "कुपीत पाणी घालत जा आणि शेळ्या येऊ देऊ नको." एवढंच. नोंदीचं बोललेच नाही. ज्या बाईला आकडा वाचता येत नाही, तिला काय सांगायचं?

लग्न झकास झालं. बुद्धवंदना, पांढऱ्या साड्यांची रांग, जेवणात वांग्याची भाजी आणि बुंदी. पण दररोज साडेपाच वाजले की मी बोटांवर रकाने मोजायची. तीन दिवसांचे सहा रकाने. दोनची मुभा, आणि माझे सहा. हैदराबाद गेलं होतं हातचं.

चौथ्या दिवशी सकाळी परतलो. मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. वही उघडली, सहा रकान्यांकडं पाहिलं, आणि शाईचं पेन घेतलं. म्हटलं, वीस वर्षं या गावचं ऊन खाल्लंय, मला माझा उन्हाळा पाठ आहे. सकाळचे तेहतीस, साडेतेहतीस, तेहतीस. संध्याकाळचे एक्केचाळीस, साडेएक्केचाळीस, एक्केचाळीस. ओल्या नळीचेही लिहिले. दोन वेगवेगळ्या पेनांनी लिहिले, म्हणजे एका बैठकीतले वाटू नयेत. हुशारी बघा! शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग न्हाणीत गेले.

बाहेर आले तर आत्याबाई दारात उभी. हातात ज्वारीचे दोन धांडे, शेपटीसारखे दोरे लटकत होते त्यांना.

"घे. तुह्यं काम म्या चालू ठेवलं."

मला कळेचना. मग तिनं ओसरीवर बसून एकेक दाखवलं. एक धांडा सकाळचा, एक संध्याकाळचा. पांढरा दोरा कोरड्या नळीचा, हळदीचा दोरा ओल्या नळीचा. पहिल्या दिवसाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. पाऱ्याच्या गोळ्यापासून पारा जिथं थांबला तिथपर्यंत दोरा धरायचा आणि नखानं दाबून तिथंच कापायचा. सहा वेळा, दोन नळ्या, बारा दोरे.

मी धांडे घेऊन मैदानात पळाले. एकेक दोरा नळीवर धरला आणि त्याच्या टोकाशी आकडा वाचला. सकाळचे माझ्या अंदाजाशी जवळपास जुळले. पहिली संध्याकाळ जुळली. छाती फुगली माझी. मग दोन गाठींचा पांढरा दोरा धरला. तो एकोणतीसवर संपला. माझ्या वहीत साडेएक्केचाळीस होतं.

"आत्याबाई, हा चुकला तुझा. एवढा खाली पारा येतो का वैशाखात?"

ती तडकलीच. "म्या चुकली? अवं, त्या दिशी नांदेडाकून काळं आभाय आलं, धुयीचा लोट आला, आन् असा गार वारा सुटला का आंगावर काटा! थेंब नाही पडला, पन तासभर हिवायाच आला म्हन. कमल कळा देऊन राह्यली होती. तिची सासू मले शिव्या देते, का बाळंतीन इथं आन् हे बाई डबा पाह्याले पळते. पळाली, दोरा कापला, वापस आली. मंग पोरगी झाली कमलला. इच्यार जाऊन!"

विचारायला गेले नाही. विचारायची गरजच नव्हती. धांडे घेतले आणि माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, घालून ठेवले. माझे आकडे शाईत होते. दोरे खरे असले तरी ते दोरे होते. एका अडाणी बाईचे दोरे घेऊन सरांसमोर जायचं, आणि वर सांगायचं की मी खोटं लिहिलं? शक्यच नाही. आत्याबाईनं संध्याकाळी विचारलं, "लिवलं का माह्यं?" मी म्हटलं, "हो." दुसरी थाप.

दोन दिवसांनी मूर्ती सर आले. स्कूटरवरून, डोक्याला ओला पंचा. "चाला एंडा अम्मा, चाला एंडा," म्हणजे फार ऊन, असं म्हणत ओसरीवर टेकले, माठातलं दोन तांबे पाणी प्यायले. वही चाळली. "बहुत साफ लिखी." मी हसले. मग त्यांनी पिशवीतून मुधोळच्या पेटीची वही काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बोट एका ओळीवर थांबलं.

मुधोळला त्या संध्याकाळी तीस होतं. माझ्याकडं साडेएक्केचाळीस. मध्ये अंतर किती, तर सायकलनं जाऊन येण्याइतकं.

सरांनी दोन्ही ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. मला वाटलं, आता पकडलं. पण त्यांच्या मनात माझा संशयच आला नाही, हेच तर वाईट झालं. ते म्हणाले, "थर्मामीटर खराब है शायद. ये पेटी का पूरा रेकॉर्ड निकाल देना पड़ेगा. कल आदमी भेजता, पेटी उठा लेते."

पेटीवर आळ आला होता. ती बिचारी महिनाभर उन्हात उभी, एक शब्द खोटा बोलली नव्हती. आणि दाराशी आत्याबाई. तिला हिंदी तोडकं-मोडकं कळायचं, पण पेटी नेणार एवढं कळलं. ती माझ्याकडं बघत होती. तिनं काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिच्या गप्प राहण्याशी कसं भांडणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का लाजेचं, आजही सांगता येणार नाही.

"सर, थर्मामीटर चांगला आहे," मी मराठीतच बोलले, हिंदी आठवेचना. "मी नव्हते इथं. ते सहा आकडे माझे आहेत, पाऱ्याचे नाहीत."

मग ट्रंक उघडली आणि धांडे आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि आत्याबाईला म्हणाले, "अम्मा, दिखाओ कैसा करे."

आम्ही तिघं मैदानात गेलो. आत्याबाईनं पेटीचं दार उघडण्याआधी पदर उचलून नाकातोंडावर धरला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला श्वास रोखताना तिनं पाहिलं होतं, एवढंच. सरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तिनं दोरा लावला, नखानं दाबला, कापला. सरांनी तो नळीवर धरून वाचला, पुन्हा वाचला. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

"टाइम कैसा समझा अम्मा? बस तो लेट आती."

आत्याबाईनं हात उडवला. "बसचं काय खरं हाय साहेब! हे पोरगी बसच्या भोंग्यावर येते. म्या सावलीवर येतो. निंबाची सावली हिरीच्या काठाले लागली का संध्याकायचं, आन् शायेच्या पायरीवरून उतरली का सकायचं."

सर मोठ्यानं हसले. माझे कान तापले. मग ओसरीवर बसून त्यांनी मला लाल पेन दिलं. "एक लाइन मारो. एकच. झूठ भी पढ़ने को आना. मिटाना नक्को." मी शिक्षेसारख्या सहा आडव्या रेघा मारल्या. वर खरे आकडे लिहिले. शेऱ्यात लिहिलं, दोऱ्यावरून; वेळ निंबाच्या सावलीवरून, संध्याकाळी विहिरीचा काठ. उरला सहीचा रकाना. नोंद करणाऱ्याची सही.

सरांनी शाईचा पॅड पुढं केला. आत्याबाईनं अंगठा मागं घेतला. "अंगठा कायले? अंगठा म्या कायलेच देत नाही." तिनं ब्लाउजला टोचलेली सुई काढली, हळदीचा दोरा ओवला, त्या रकान्यात कागद टोचला आणि एक गाठ मारली. घट्ट, दोन पदरी. मग दातानं दोरा तोडला. "हे माह्यी सही."

आणि हैदराबाद? सर जाताना स्कूटरवर बसून म्हणाले, "आना. लेकिन पहले ये पेज पढ़ना. दोनों नंबर." मी गेले. आत्याबाईला चल म्हटलं, तर म्हणाली, "मले टाइम कुठं हाय? सगुनाच्या दोऱ्याले आठ गाठी हायेत." त्या मोठ्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत, मी पहिलं वाक्य वाचलं की मी सहा नोंदी खोट्या लिहिल्या होत्या. लोक कुजबुजले. मग मी दोन गाठींचा दोरा वर धरला आणि तो कुणी, कसा कापला ते सांगितलं. मंचेरियलचा श्रीनिवास, ज्याच्या वहीच्या प्रत्येक पानावर कोळशाची बोटं असायची, तो सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागला. त्यानंतर मी आयुष्यात कितीतरी सभागृहांत बोलले. कधी आवाज कापला नाही. ज्याचं सगळ्यांत वाईट पान आधीच वाचून झालंय, त्याला कशाची भीती?

नव्वदच्या दशकात पेटी गेली. रंग उडाला, झडपांत चिमण्यांनी घरटी केली, एका वादळात छप्पर पडलं, आणि लाकूड कुणाच्या तरी चुलीत गेलं. मग आत्याबाई गेली. बाया तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागल्या, खुंट्यांवरचे दोरे एकेक कमी झाले. ती गेली तेव्हा खोलीत एकच दोरा उरला होता, चार गाठींचा. कुणाचा होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. हळदीचा वास मात्र त्या भिंतीत बरीच वर्षं होता. मी सुट्टीत आले की मुद्दाम त्या खोलीत जाऊन निजायची.

खुंटावरून उठले. ऊन चढलं होतं. पोरं वर्गात पंख्याखाली बसून आपापल्या मोबाइलवर हवामान बघत होती. मी मनीषाला बाहेर बोलावलं, निंबाखाली. पिशवीत कायम असते ती माझी जुनी वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत.

ती वाचत गेली. लाल रेघांवर थांबली.

"मॅडम, हे साडेएक्केचाळीस कुणी लिहिलं?"

"मी."

तिचं बोट पुढं सरकलं. कागदातून वर आलेली ती गाठ, हळद उडून आता मातकट झालेली, पण सुटलेली नाही.

"आणि ही गाठ?"

"ती त्या बाईची सही आहे, जी तेव्हा तिथं उभी होती."

मनीषाचे कान लाल झाले. मला ते लाल कान ओळखीचे होते. तिनं मान खाली घातली, आपली वही उघडली, पेन काढलं आणि कालच्या एक्केचाळीसवर एकच आडवी रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. मग तो रकाना रिकामाच ठेवून ती उठली आणि मैदानात जाऊन निंबाची सावली विहिरीपासून किती लांब आहे ते बघू लागली.